फॉरेस्ट आणि अरण्य : एका भाषांतराची किंमत

१/
१८७८ साली एकाच राणीच्या छत्राखाली दोन कायदे संमत झाले. दोहोंच्या नावांत ‘फॉरेस्ट’ हा शब्द होता. पहिला लंडनच्या पार्लमेंटने एपिंग फॉरेस्टसाठी केला. ही भूमी लोकांसाठी सदैव खुली राहील, तिला कुंपण पडणार नाही, असे तो सांगत होता. दुसरा हिंदुस्थान सरकारचा इंडियन फॉरेस्ट ॲक्ट. सरकार जी जमीन राखीव ठरवील तिच्यावरील हक्क मुदतीत मांडले नाहीत तर ते संपुष्टात येतील, असे तो सांगत होता. एकाच शब्दाने एका देशात दार उघडले आणि दुसऱ्या देशात तेच लावून घेतले. हे कसे घडले, याचे उत्तर त्या शब्दाच्या पोटातच आहे.

२/
फॉरेस्ट, वुड, कॉप्स, ग्रोव्ह, चेस, पार्क, जंगल. शाळकरी शब्दकोशात या सर्वांच्या पुढे थोड्याफार फरकाने ‘वन’, ‘रान’ किंवा ‘झाडी’ असेच लिहिलेले आढळते. मोठे असेल ते फॉरेस्ट, मध्यम ते वुड, चिमुकले ते ग्रोव्ह, अशी समजूत करून देऊन शिक्षक पुढे सरकतात. आजच्या बोलीपुरती ती चालून जाते, इतिहास वाचताना मात्र दिशाभूल करते. हे शब्द मुळात झाडे मोजण्यासाठी जन्मलेच नाहीत. कुऱ्हाड कोणाच्या हाती, गुरे कोणाची आणि शिकार कोणाची, हे सांगण्यासाठी त्यांतले बहुतेक घडले.

३/
प्रथम फॉरेस्ट. हा शब्द फ्रँक राजांच्या लॅटिन दस्तांतून आला. त्याचे मूळ ‘बाहेर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात असावे, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. ‘बाहेर’ म्हणजे सर्वसामान्य कायद्याच्या आणि वहिवाटीच्या बाहेर काढून राजाने स्वतःसाठी राखून ठेवलेली भूमी. त्या भूमीवर झाडे असत किंवा नसत. तिच्यावर राजाची मुद्रा मात्र असेच.

४/
१०६६ साली नॉर्मन विजेता विल्यम इंग्लंडच्या गादीवर बसला आणि हा शब्द, त्यामागच्या कायद्यासह, त्या बेटावर उतरला. १०७९ च्या सुमारास त्याने दक्षिण किनाऱ्याजवळ शिकारीसाठी न्यू फॉरेस्ट राखले. ‘न्यू’ ते आजही आहे आणि त्याचा मोठा भाग आजही झाडांविना, झुडपी माळाचा आहे. नैर्ऋत्येकडील एक्स्मूर हे राजाचे फॉरेस्ट होते आणि तिथे तर वाऱ्याने झोडपलेले जवळजवळ वृक्षहीन पठार होते. स्कॉटलंडमध्ये हरणांच्या शिकारीसाठी राखलेल्या उघड्या डोंगरांना आजही ‘डिअर फॉरेस्ट’ म्हणतात. झाड नाही म्हणून त्या नावाला कोणी हरकत घेत नाही.

५/
फॉरेस्टचा कायदा दोन गोष्टींचे रक्षण करी : शिकारीचे प्राणी आणि त्यांना चारा-आसरा देणारी हिरवळ. फॉरेस्टच्या हद्दीत गावे असत, नांगरटीची शेते असत, चर्चेही असत. पण तिथला शेतकरी स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरही परवानगीवाचून झाड तोडू शकत नसे, पडीक जमीन लागवडीखाली आणू शकत नसे. कुत्रा हरणामागे धावू नये म्हणून त्याच्या पुढच्या पायाची तीन नखे छाटण्याचा दंडक होता. हे पाहण्यासाठी स्वतंत्र अधिकारी आणि स्वतंत्र न्यायसभा होत्या. दंडाची रक्कम राजाच्या खजिन्यात जाई, आणि तो खजिना बऱ्याचदा रिकामा असे.

६/
एका क्रियापदाचा प्रवास इथे उद्बोधक ठरतो. आज ‘अफॉरेस्टेशन’ म्हणजे वृक्षलागवड. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एखादा मुलूख ‘अफॉरेस्ट’ केला, याचा अर्थ तो राजाच्या फॉरेस्ट कायद्याखाली आणला, एवढाच होता. एकही रोप न लावता, केवळ एका आज्ञेने, हजारो एकर जमीन एका दिवसात फॉरेस्ट होत असे. उलट ‘डिसफॉरेस्ट’ केले म्हणजे झाडे तोडली असे नव्हे. झाडे जागच्या जागी उभी असत, उठत असे तो कायदा. हे ठाऊक नसलेला वाचक जुनी कागदपत्रे उलट अर्थाने वाचतो.

७/
राजाखालोखाल सरदार, सरदाराखालोखाल जमीनदार. प्रत्येकाच्या अधिकाराला वेगळा शब्द होता. जॉन मॅनवुड नावाच्या कायदेपंडिताने १५९८ साली फॉरेस्टच्या कायद्यांवर ग्रंथ लिहिला आणि ही उतरंड नीट मांडली. फॉरेस्ट राजाचे. चेस म्हणजे शिकारीचा तसाच खुला मुलूख, पण सहसा राजाऐवजी एखाद्या उमरावाच्या वा बिशपाच्या हाती असलेला. पार्क म्हणजे खंदक आणि लाकडी कुंपण घालून हरणे कोंडलेली जागा. वॉरन म्हणजे ससे, तितर अशी लहान शिकार करण्याचा सनदी हक्क. मुंबईकराच्या तोंडी पार्क म्हणजे मुलांनी क्रिकेट खेळण्याचे मैदान. त्या शब्दाच्या जन्मवेळी सामान्य मुलाला त्या कुंपणाच्या आत पाऊल टाकण्याचीही मुभा नव्हती.

८/
आता वुड. हा शब्द नॉर्मनांच्या आधीचा, अस्सल जुन्या इंग्रजीतला. त्याचे दोन अर्थ, झाडांची जागा आणि लाकूड, आजही एकत्र नांदतात, यातच त्याचे मर्म आहे. वुड ही कामाची जागा होती. तिला मालक असे, नाव असे, मातीचा बांध आणि चर घालून आखलेली हद्द असे. तिथून गावाला सरपण, कुंपणाच्या काठ्या, नांगराचे लाकूड, घराच्या तुळया मिळत. फॉरेस्टच्या हद्दीत अनेक वुड असू शकत, आणि फॉरेस्टशी काडीचाही संबंध नसलेले वुड तर गावोगाव असत.

९/
कॉपिस आणि त्याचेच आखूड रूप कॉप्स हे शब्द तोडण्याच्या अर्थाच्या फ्रेंच धातूवरून आले. हेझल किंवा ॲश यांसारखे झाड जमिनीलगत तोडायचे, बुंध्यातून फुटवे येऊ द्यायचे आणि ठरावीक वर्षांनी ते पुन्हा तोडायचे. हेझलचा फेरा साधारण सात ते दहा वर्षांचा. सफोकमधील ब्रॅडफील्ड वुड्समध्ये ही तोड तेराव्या शतकापासून चालत आल्याची नोंद आहे. गुरांचा वावर असलेल्या जागी हेच काम माणसाच्या डोक्याहून उंचावर करीत, म्हणजे कोवळे फुटवे जनावरांच्या तोंडी लागत नसत. अशा झाडाला पोलार्ड म्हणत. म्हणून कॉप्स या शब्दाचा ‘झुडपांचा पुंजका’ असा अनुवाद अपुरा पडतो. ते लहान रान होते, हे खरे, पण ते पिढ्यान्‌पिढ्या कापणीला येणारे लाकडाचे शेतही होते.

१०/
ऑलिव्हर रॅकहॅम (१९३९–२०१५) या वनेतिहासकाराने आयुष्यभर हे समजावून सांगितले की, झाड तोडल्याने वुड नष्ट होत नाही, जमिनीचा वापर बदलल्याने होते. फुटव्यांवरचे बारीक लाकूड आणि तुळईला लागणारे जाड इमारती लाकूड यांतला भेद जुन्या इंग्रजांना पक्का ठाऊक होता, कारण दोहोंचे हक्कदार बऱ्याचदा वेगळे असत. मराठी राज्यकारभाराला असा विवेक परका नव्हता. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने आरमारासाठी साग वगैरे लाकूड परवानगीने तोडण्यास मुभा दिली, पण रयतेने वाढवलेल्या आंब्या-फणसांना तिच्या इच्छेविरुद्ध हात लावू नये, असे बजावले. ते झाड कोणी वाढवले, हा प्रश्न तिथेही निर्णायक होता.

११/
लहान शब्दही बोलके आहेत. स्पिनी म्हणजे मूळ अर्थाने काटेरी झुडपांची जागा. पुढे शिकारीच्या पक्ष्यांसाठी राखलेल्या लहानशा झाडीला ते नाव पडले. ग्रोव्ह म्हणजे छोटे, आटोपशीर वुड, ज्याच्या तळाशी सहसा दाट झुडुपे नसतात. बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतराने हा शब्द मूर्तिपूजेशी जोडला. त्यामुळे इंग्रजाने कोकणातली आणि सह्याद्रीतली देवराई पाहिली तेव्हा ‘सेक्रेड ग्रोव्ह’ हे नाव जवळ तयारच होते. आपली आमराई मात्र त्याच्या लेखी बाग ठरली. एकच ‘राई’ दोन कप्प्यांत विभागली गेली.

१२/
फॉरेस्ट कायद्याचा जाच सरदारांपासून शेतकऱ्यांपर्यंत सर्वांना होता. नोव्हेंबर १२१७ मध्ये बालराजा तिसऱ्या हेन्रीच्या नावाने फॉरेस्टची सनद निघाली. हरीण मारल्याबद्दल यापुढे कोणाचा जीव वा अवयव जाणार नाही, असे तिने ठरवले. राजाने अन्यायाने कायद्याखाली आणलेले मुलूख सोडून देण्याचे वचन दिले. स्वतःच्या वुडमध्ये डुकरे चारण्याचा, गिरणी वा तळे बांधण्याचा हक्क स्वतंत्र माणसाला दिला. भूदास या ‘स्वतंत्र माणसा’त मोडत नव्हते, हेही विसरता कामा नये. विख्यात ‘मॅग्ना कार्टा’ला ‘मोठी सनद’ हे नाव पडले तेच मुळी या धाकट्या सनदेपासून ती वेगळी ओळखता यावी म्हणून. धाकटीची कलमे १९७१ पर्यंत इंग्लंडच्या कायद्यात टिकून होती.

१३/
राजाच्या हुकमतीखाली लोकांचे हक्क तग धरून राहिले, ही या इतिहासातली विलक्षण गोष्ट. गुरे चारणे, ओकची फळे डुकरांना घालणे, सरपण गोळा करणे, जळणासाठी पीट खणणे, या प्रत्येक हक्काला स्वतंत्र नाव होते. लंडनजवळच्या एपिंग फॉरेस्टमधील लाउटन गावच्या लोकांना हिवाळ्यात पोलार्डच्या फांद्या छाटण्याचा हक्क होता, आणि त्याचा आरंभ ते ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्री करीत. १८६० च्या दशकात जमीनदाराने ते रान कुंपणात घेतले. टॉमस विलिंगेल या मजुराने आणि त्याच्या कुटुंबाने छाटणी थांबवली नाही. १८६६ साली त्याच्या घरातील तरुणांना तुरुंगात जावे लागले.

१४/
पण या मजुरांच्या पाठीशी शहर उभे राहिले. सार्वजनिक भूमीच्या रक्षणासाठी संस्था स्थापन झाली होती आणि लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने न्यायालयात दावा लावला. १८७४ साली निकाल कुंपणांच्या विरुद्ध गेला आणि १८७८ च्या कायद्याने एपिंग सर्वांसाठी खुले राहिले. फांद्या छाटण्याचा हक्क तेवढा मोबदला देऊन संपवण्यात आला. त्या मोबदल्यातून उभे राहिलेले ‘लॉपिंग हॉल’ लाउटनमध्ये आहे. गंमत अशी की, याच कायद्याने एपिंगवरचा राजाचा फॉरेस्ट-अधिकार संपला. कायद्याच्या भाषेत ते ज्या क्षणी फॉरेस्ट उरले नाही, त्याच क्षणी ते लोकांचे झाले.

१५/
आता जहाज हिंदुस्थानकडे वळवले पाहिजे, कारण इंग्रजीच्या या शब्दकुळात एक शब्द इथूनच गेला : जंगल. संस्कृत ‘जांगल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा, मोकळ्या हवेचा प्रदेश. आयुर्वेद दलदलीच्या दाट ‘आनूप’ देशाच्या उलट ‘जांगल’ देश सांगतो आणि त्याला आरोग्यदायी मानतो. महाभारतातील कुरुजांगल या नावातही हाच शब्द आहे. १७७६ सालच्या हॅलहेडच्या हिंदू कायद्यांच्या इंग्रजी संहितेत पाच वर्षे पडीक राहिलेल्या जमिनीला जंगल म्हटले आहे. म्हणजे तोवरही अर्थ ‘पडीक’ असाच. पुढच्या शतकात इंग्रजीने त्याचा अर्थ दाट, दमट, वेलींनी गुंतलेले रान असा करून टाकला. तो अर्थ पाठ्यपुस्तकांतून आणि चित्रपटांतून आपल्याकडे परत आला.

१६/
रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकूड हवे होते. १८६४ साली डिट्रिच ब्रँडिस यांच्या नेतृत्वाखाली वनखाते स्थापन झाले. १८६५ च्या पहिल्या कायद्याने झाडे, झुडुपे वा ‘जंगल’ असलेली जमीन सरकारी फॉरेस्ट ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला. १८७८ च्या कायद्याने राखीव, संरक्षित आणि ग्राम असे वर्ग पाडले. हक्क मांडायला किमान तीन महिन्यांची मुदत होती आणि न मांडलेला हक्क बुडणार होता. चराईचे दावे मान्य करण्याची तरतूद होती, पण ज्या माणसाचा हक्क वहिवाटीत जगत होता, कागदावर नव्हे, त्याला ती मुदत किती उपयोगाची होती? मद्रास सरकारने गावकऱ्यांच्या हक्कांच्या मुद्द्यावर या मसुद्याला विरोध केला आणि १८८२ साली स्वतःचा वेगळा कायदा केला. म्हणजे अन्याय तेव्हाच्या अधिकाऱ्यांनाही दिसत होता.

१७/
१९२७ चा वन कायदा आज सुधारणांसह लागू आहे. त्यात गुरे म्हणजे काय, वनोपज म्हणजे काय, हे सांगितले आहे. फॉरेस्ट म्हणजे काय, हे मात्र कुठेच सांगितलेले नाही. ‘फॉरेस्ट-भूमी किंवा पडीक भूमी’ सरकार राखीव करू शकते, एवढे म्हटले आहे. त्यातल्या ‘किंवा’मध्ये दख्खनचे माळ, कुरणे, डोंगरउतार सारे मावले. विल्यमचा शब्द आठ शतकांनी त्याच अर्थाने सह्याद्रीत नांदू लागला : जे आज्ञेने फॉरेस्ट ते फॉरेस्ट.

१८/
महाराष्ट्रात हे ज्यांनी फार लवकर ओळखले त्यांत जोतीराव फुले होते. १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी दाखवून दिले की, जंगल खात्याने डोंगरदऱ्यांबरोबर पडीत जमिनी आणि गायरानेही आत ओढली. फळे-फुले, पाने, लाकूडफाटा यांवर गुजराण करणारा गरीब शेतकरी त्यामुळे उघडा पडला. १९३० साली हीच जखम राष्ट्रीय चळवळीत आली. बापूजी अणे यांनी जुलैमध्ये पुसदजवळ राखीव रानातले गवत कापून सत्याग्रह केला. २५ सप्टेंबरला उरण तालुक्यातील चिरनेर येथे पोलिसांच्या गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. त्या चळवळीला मराठी माणसाने ‘जंगल सत्याग्रह’ म्हटले. पुसदला विळा चालला तो वृक्षावर नव्हे, गवतावर, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात राहते.

१९/
यावर एक आक्षेप योग्य आहे : राखीव केले म्हणूनच काही रान उरले. न्यू फॉरेस्ट राजाने अडवले नसते तर आज तिथे वस्ती असती. सह्याद्रीतले आणि विदर्भातले कित्येक पट्टे वनखात्याच्या पाट्यांमुळेच वाचले. हे खरे आहे आणि ते नाकारून इतिहास लिहिता येत नाही. पण त्याच न्यू फॉरेस्टमध्ये गावकऱ्यांची घोडी आणि गुरे आजही हक्काने चरतात आणि तेथील जुनी न्यायसभा आजही भरते. संरक्षण आणि लोकांचा हक्क एकत्र नांदू शकतात, याचा पुरावा इंग्रजांच्या घरीच होता. त्यांनी परक्या मुलखात शब्दातला राजा आणला आणि सनद मागे ठेवली.

२०/
स्वतंत्र भारतात या शब्दाने पुन्हा पेच टाकला. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, फॉरेस्ट हा शब्द शब्दकोशातील अर्थाने घ्यावा, आणि सरकारी दप्तरात तशी नोंद असलेली जमीनही, मालक कोणीही असो, त्यात धरावी. हेतू रानाच्या रक्षणाचा होता आणि परिणामही बराच तसा झाला. पण आजच्या शब्दकोशात झाडे आहेत, दप्तरात वहिवाट आहे आणि दोहोंची गाठ नेहमी पडत नाही. पूर्व विदर्भातील ‘झुडपी जंगल’ हे त्याचे ठळक उदाहरण. महसुली नोंदीत ते गावांच्या गुरचराईचे झुडपी माळ होते. ते फॉरेस्ट की नव्हे, हा वाद अनेक दशके चालला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फॉरेस्टच, असा निकाल दिला आणि १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांना संरक्षणाची वाट ठेवली. तिथल्या घरांचे, शाळांचे भवितव्य एका नामाच्या अर्थावर टांगलेले होते.

२१/
मोजणीतही हीच गफलत आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टर वा अधिक जमिनीवर वृक्षांची सावली किमान १० टक्के असेल तर ती वनाच्छादित धरली जाते, मग ती सरकारी रान असो वा कोणाची आंब्याची बाग. त्यामुळे कोकणातली कलमे वनाच्या आकड्यात मोडू शकतात आणि सोलापूरकडचे अस्सल, प्राचीन गवताळ माळ, जिथे माळढोक नांदला, ते मोडत नाहीत. माळाला ‘पडीक’ म्हटले की त्यावर झाडे लावणे हे पुण्यकर्म वाटू लागते. शब्द चुकला की उपचारही चुकतो.

२२/
२००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र उलट दिशेने पाऊल टाकले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूवरून वाद उरलाच, कारण १९२७ च्या कायद्यात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबू होता, आणि झाड म्हटले की लाकूड, लाकूड म्हटले की खाते. वास्तविक बांबू गवताच्या कुळातला. २०१७ साली ती नोंद वगळली गेली. व्याख्येतला एक शब्द गळाला आणि बांबू लावणाऱ्याचा बोजा हलका झाला.

२३/
म्हणून इतिहास वाचणाऱ्या तरुणाने ‘फॉरेस्ट’ दिसला की झाडे डोळ्यांपुढे आणण्याआधी हद्द आणावी. वुड दिसले तर मालक आणि कुऱ्हाड शोधावी, कॉप्स दिसले तर कापणीचा फेरा, पार्क दिसला तर कुंपण. ‘जंगल’ दिसले तर तो जांगल आहे की दमट रान, हे सालावरून ताडून पाहावे. जुन्या कागदातल्या फॉरेस्टचे ‘अरण्य’ असे भाषांतर करणे म्हणजे राजाची मुद्रा पुसून तिच्या जागी पाने-फुले काढणे होय. ‘राखीव मुलूख’ हा प्रतिशब्द रूक्ष आहे, पण खोटा नाही.

२४/
आणि हा धडा देण्यासाठी ऑक्सफर्डला जाण्याचीही गरज नाही. सह्याद्रीच्या कुशीतला एखादा धनगर समोरच्या उघड्याबोडक्या, एकही झाड नसलेल्या टेकडीकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, “ती फॉरेस्टची हाय.” शहरातल्या पाहुण्याला वाटते, म्हाताऱ्याचे इंग्रजी कच्चे आहे. प्रत्यक्षात हजार वर्षांपूर्वीचा नॉर्मन अर्थ त्या एका वाक्यात तंतोतंत जिवंत आहे. त्याला तो शब्दकोशाने शिकवला नाही. शेळ्या आत गेल्यावर भरलेल्या दंडाच्या पावतीने शिकवला.